कोपऱ्यावरचा जेलातो आणि मी घातलेली बंदी

वाचकहो, आइसक्रीमविषयी डॉक्टरांच्या तोंडून चार बरे शब्द ऐकण्याची आपल्याला सवय नाही, आणि त्याला आम्हीच कारणीभूत आहोत. ‘गोड बंद, थंड बंद, तेलकट बंद’ हा मंत्र मी पंचवीसहून अधिक वर्षे जपत आलो आहे. तो उच्चारताना माझी नजर बहुतेक वेळा समोरच्या माणसाकडे नसून रक्ततपासणीच्या कागदाकडे असे. आज ज्या बंदीविषयी लिहितो आहे, तीही मी अशीच कागदाकडे पाहत घातली होती. ती पाळली गेली नाही, आणि पाळली गेली नाही म्हणूनच एक माणूस आज आपल्या पायांनी हिंडतो आहे.

पुण्यातील माझ्या दवाखान्यापासून चार मिनिटांच्या अंतरावर, गल्ली जेथे मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर, पूर्वी पिठाची गिरणी होती. दळण होईपर्यंत बसण्यासाठी बाहेर एक लाकडी बाक असे. गिरणी बंद पडली, गाळा काही काळ कुलुपात राहिला, आणि मग एका तरुणाने तेथे जेलातोचे दुकान काढले. बाक मात्र त्याने हलवला नाही. मस्तानी आणि कुल्फीच्या गावात हे इटालियन प्रकरण किती दिवस टिकणार, यावर आमच्या इमारतीत पैजा लागल्या होत्या. मी सहा महिने म्हटले होते. दुकान अजून चालू आहे.

जेलातो म्हणजे शेवटी आइसक्रीमच, परंतु त्याची घडण थोडी निराळी असते. कारखान्यातील आइसक्रीम घुसळताना त्यात पुष्कळ हवा मिसळते. कधीकधी डब्यातील जवळजवळ निम्मी जागा हवेनेच व्यापलेली असते. जेलातो सावकाश घुसळतात, त्यामुळे त्यात हवा कमी राहते. त्यात साय कमी आणि दूध अधिक असते, आणि तो उणे 18 अंशांवर टणक न ठेवता साधारण उणे 12 अंशांच्या आसपास, मऊसर ठेवून वाढतात. ही बाब म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. वय वाढते तसे नाकाचे आणि जिभेचे कसब उणावते. त्यात पदार्थ फार गार असला की जीभ आणखी बधिर होते. कमी गार पदार्थाची चव तिला अधिक कळते. हिरड्या मागे सरलेल्या, उघड्या पडलेल्या दातांनाही तो तितका झोंबत नाही. साखर मात्र जेलातोत कमी असते असा समज कुणी करून घेऊ नये. ती आइसक्रीमइतकीच असते, प्रसंगी थोडी अधिकच. कारण त्याचा मऊपणा बराचसा साखरेमुळेच टिकतो.

इटलीत या पदार्थाची सांगड संध्याकाळच्या फेरफटक्याशी घातलेली आहे. ऊन कलले की लहान गावांतून म्हातारेकोतारेही बरे कपडे घालून बाहेर पडतात, चौकापर्यंत जातात, ओळखीच्यांशी दोन शब्द बोलतात आणि परततात. या रिवाजाला ते ‘पासेज्जाता’ म्हणतात. उत्तर इटलीतील झोल्दो आणि कादोरे या डोंगराळ खोऱ्यांतील जेलातो करणारे कारागीर पोटासाठी ऑस्ट्रिया-जर्मनीत गेले आणि तेथील गावोगावी त्यांनी अशी दुकाने थाटली. 2012 मध्ये युरोपीय संसदेने 24 मार्च हा दिवस हाताने केलेल्या जेलातोसाठी राखून ठेवला. खाण्याच्या पदार्थाला एवढा मान कशाला, असे कुणास वाटेल. त्या पदार्थामागे चौकातील एक दुकान असते आणि त्या दुकानापर्यंत चालत जाणारी माणसे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे नवल वाटत नाही.

आपल्याकडेही हे अगदीच परके नाही. आमच्या लहानपणी मे महिन्यात घरी पॉट आणत. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ, मध्ये दुधाचा डबा, आणि वाड्यातील प्रत्येकाने दांडा फिरवण्याची पाळी घ्यायची. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो आणि वितळताना डब्यातील उष्णता ओढून घेतो, हे भौतिकशास्त्र आम्हांस पुढे शाळेत कळले. दांड्यावर सर्वांत जास्त जोर आजोबांचा लागतो, हे मात्र तेव्हाच कळले होते. पुण्यात 1968 साली सुजाता मस्तानी सुरू झाली. मुंबईत चर्चगेटजवळ के. रुस्तम यांच्या दुकानात 1953 पासून दोन पातळ वेफरांमध्ये आइसक्रीमची वडी घालून देतात, आणि नातवाला तेथे घेऊन जाणारे आजोबा त्याच्याच वयाचे असताना तेथे आलेले असतात. अशा दुकानांत माणूस नुसता पदार्थ खात नाही. आपण अजून या गावचे आहोत, याची खूणगाठ तो पुन्हा बांधून घेत असतो.

काकांचे सुट्टे पैसे

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. टपाल खात्यातून निवृत्त. आयुष्यभर खिडकीमागे बसून नोटा मोजलेल्या. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, नोकरी करते, रविवारी येते. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे आणि त्यासाठी रोज ॲस्पिरिनची लहान गोळी चालू आहे. त्यांना मी काका म्हणतो. ‘आजोबा’ म्हटलेले त्यांना खपत नाही, हे जेलातोवाल्याने पहिल्याच आठवड्यात ओळखले होते.

काका रोज साडेपाचला त्या कोपऱ्यावर जात. एक लहान कप घेत, बाकावर बसत, आणि गिरणीच्या काळापासून ओळखीच्या असलेल्या दोघा-तिघांशी बोलत. बाकीची गिऱ्हाइके मोबाइलने पैसे चुकते करीत. काका रोख देत, तेही मोजून, नाणी एकावर एक रचून. दुकानदाराला पैसे परत देण्याची वेळ त्यांनी कधी आणली नाही.

मागच्या वर्षी त्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला आपण एचबीएवनसी म्हणतो, 7.8 आली. मी भुवया उंचावल्या. “काका, ते कोपऱ्यावरचं दुकान आता बंद.” काका म्हणाले, “बरं.” दोन मिनिटांत विषय संपला. येथे माझी चूक दुहेरी होती. पहिली वैद्यकीय होती. तरुण माणसासाठी आपण 7 च्या खालचा आकडा धरतो. परंतु सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत 8 च्या आतील आकडा पुरेसा मानतात. त्याला आणखी खाली खेचण्याच्या खटाटोपात साखर एकाएकी उतरण्याचा, चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. हे मला ठाऊक होते. तरीही सवयीने बोललो. दुसरी चूक अशी की, बंद करताना मी नेमके काय बंद करतो आहे हे विचारलेच नाही. मला वाटत होते की मी साखर बंद करतो आहे. काकांच्या दृष्टीने मी त्यांची संध्याकाळ बंद करीत होतो.

त्यांनी ती बंद केली नाही. मला सांगणे तेवढे बंद केले. पुढच्या खेपेस मी विचारले, “दुकान बंद ना?” ते म्हणाले, “बंद.” मी समाधानाने मान हलवली.

त्यानंतर काही महिन्यांनी काका न्हाणीघरात घसरले. डोके भिंतीवर आपटले. खोक नाही, रक्त नाही, थोडे टेंगूळ. त्यांनी कुणाला सांगितले नाही. का नाही सांगितले, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले: “पडलो म्हटलं असतं तर तुम्ही बाहेर जाणंच थांबवलं असतं.” हे वाक्य मी विसरलो नाही. एक बंदी आम्ही सहज घालतो, आणि त्या धसक्याने पुढची दहा दुखणी आमच्यापासून लपवली जातात.

साधारण महिना गेला. दरम्यान ते रक्तदाब मोजून घ्यायला माझ्याकडे येऊन गेले. सात-आठ मिनिटे बसले, थोडे गप्प वाटले. मी उन्हाळ्याला दोष दिला. जेलातोवाल्याने मात्र काही निराळे पाहिले होते. आठवडाभर काकांचे पैसे चुकत होते. कधी वीस रुपये कमी, कधी शंभराची नोट ठेवून उठून जात. एके संध्याकाळी त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. दुसऱ्या दिवशी परत जाताना त्यांची उजवी चप्पल फरशीवर घासत असल्याचे त्याने ऐकले. त्याच्याकडे काकांच्या मुलीचा क्रमांक होता, नातवाच्या वाढदिवसाला तिने मोठा डबा मागवला होता म्हणून. त्याने तिला दूरध्वनी केला. तो एवढेच म्हणाला, “ताई, काकांचे पैसे चुकताहेत. असं कधी होत नाही.”

मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे आली. डोळे मिटवून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा हात हळूहळू खाली उतरू लागला आणि तळवा आत वळला. त्याच रात्री सीटी स्कॅन झाले. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये डाव्या बाजूला जुने रक्त साठून मेंदूवर दाब आला होता.

वृद्ध माणसे असलेल्या प्रत्येक घराने हा विकार समजून घ्यावा असे मला वाटते. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे त्याला कवटीच्या आवरणाशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. डोक्याला लागलेला किरकोळ मारही त्या फाटायला पुरतो. रक्त थेंबाथेंबाने, आठवडेच्या आठवडे साठत राहते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे अन्य औषध चालू असेल तर धोका अधिक. लक्षणे अशी हलक्या पावलांनी येतात की घरचे त्यांना ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात: डोके जड राहणे, झोप वाढणे, हिशेबात गोंधळ, चालताना तोल जाणे, एका बाजूच्या हातापायात शक्ती कमी होणे. वेळीच कळले तर कवटीला एक-दोन लहान छिद्रे पाडून ते रक्त काढून टाकता येते आणि पुष्कळ रुग्ण चांगले सुधारतात. काहींत ते पुन्हा साठते, म्हणून नंतरही लक्ष ठेवावे लागते. उशीर झाला तर मात्र माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो, दगावूही शकतो. घरातील वृद्ध व्यक्ती पडली आणि डोक्याला मार लागला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर काहीही वाटत नसले तरी कळवावे. मात्र ते औषध आपल्या मनाने बंद करू नये. पुढचे दोन-तीन महिने वागण्यात, बोलण्यात, चालण्यात काही फरक दिसतो का, हे पाहत राहावे.

शस्त्रक्रियेनंतर मुलीने मला विचारले, “डॉक्टर, बाबांना तर आइसक्रीम बंद होतं ना? मग ते त्या दुकानात काय करत होते?” मी उत्तर दिले नाही. खरे उत्तर असे होते की, माझे न ऐकता ते तेथे जात राहिले म्हणूनच कुणाच्या तरी लक्षात आले. माझ्याकडे ते महिन्यातून आठ मिनिटे येत. मुलगी आठवड्यातून एकदा भेटे, आणि तेव्हा ते तिच्यासमोर सावरून बसत. रोज, त्याच वेळी, तीच कृती करताना त्यांना पाहणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्यांची नाणी कशी रचलेली असतात हे पाठ होते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 साली आपल्या एका पुस्तकात अशा जागांना ‘तिसरे ठिकाण’ म्हटले. घर हे पहिले, कामाची जागा दुसरे, आणि जेथे काही काम नसताना जाऊन बसता येते, ओळखीचे भेटतात, ते तिसरे. निवृत्तीनंतर दुसरे ठिकाण संपते. गुडघे दुखू लागले की तिसरेही सुटते. मग उरते घर, आणि पुष्कळदा घरातील एकच खोली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला. एकाकीपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी आढळतो, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. तरीही माझ्या केसपेपरवर ‘संध्याकाळी कुठे जाता?’ या प्रश्नासाठी रकाना नव्हता. आता मी तो हाताने आखतो.

मग आइसक्रीम द्यावे की नाही?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न एव्हाना आला असेल, आणि त्याला सरसकट ‘हो’ म्हणून मी दुसऱ्या टोकाची चूक करणार नाही.

मधुमेह असेल तर प्रथम माप पाहावे. साठ-सत्तर ग्रॅमच्या एका लहान गोळ्यात साधारण बारा ते पंधरा ग्रॅम साखर जाते, म्हणजे तीन चमच्यांच्या आसपास. साखर आटोक्यात असलेल्या वृद्धाने आठवड्यातून एक-दोनदा तेवढे खाल्ले आणि त्या जेवणातील भात किंवा पोळी थोडी कमी केली, तर सहसा बिघडत नाही. दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर मोजून पाहावी. आपल्या शरीराचे उत्तर तेथे मिळते. पूर्ण ग्लासभर मस्तानी ही निराळी गोष्ट आहे. तीत गोड घट्ट दूध असते आणि वर आइसक्रीमचा गोळा. ती दोघा-तिघांत एक घ्यावी. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या डब्याने निर्धास्त होऊ नये. त्यात दुधातील साखर असतेच, आणि गोडीसाठी घातलेल्या माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारख्या पदार्थांनी म्हाताऱ्या पोटांना जुलाब होऊ शकतात. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. साखर एकाएकी उतरली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर त्या क्षणी आइसक्रीम देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

‘थंड खाल्ले की सर्दी होते’ या समजुतीशी मी आयुष्यभर भांडलो आणि हरलो. सर्दी विषाणूंनी होते. गार पदार्थाने घसा थोडा वेळ आक्रसतो, खोकल्याची उबळ येऊ शकते. ज्यांना दमा आहे त्यांनी स्वतःचा अनुभव प्रमाण मानावा. उलट तोंड आलेल्या, घसा सोललेल्या रुग्णाला गार मऊ पदार्थच काय तो उतरतो. कर्करोगाची काही ठरावीक औषधे शिरेतून देताना तोंड येऊ नये म्हणून रुग्णाला बर्फाचे खडे चघळायला देतात.

पण एका बाबतीत मी कठोर आहे. पक्षाघात, पार्किन्सन किंवा पुढे गेलेला स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला गिळण्याचा त्रास असेल, तर आइसक्रीम आणि जेलातो तपासणीशिवाय देऊ नये. माझ्या एका रुग्ण बाईंच्या सुनेने पक्षाघातानंतर मोठ्या प्रेमाने सासूबाईंना रोज आइसक्रीम भरवले. मऊ आहे, चावायला नको, गिळायला सोपे, असा तिचा विचार. तो विचार कुणालाही पटावा असाच आहे. परंतु आइसक्रीम तोंडातील उष्णतेने वितळते आणि पाण्यासारखे पातळ होते. ज्यांना पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे त्यांच्यासाठी ते पाण्याइतकेच घातक ठरते. त्या बाईंना न्यूमोनिया झाला. त्या वाचल्या, पण सून कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती, आणि तो दोष तिचा नव्हता. रुग्णालयातून घरी पाठवताना कुणीतरी हे तिला समजावून सांगायला हवे होते. खाताना ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणे, वारंवार ताप येणे ही लक्षणे दिसली तर वाचा आणि गिळणे यांच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. ज्यांना परवानगी मिळेल त्यांनाही ताठ बसवून, लहान चमच्याने, एक घास गिळल्याची खात्री करून मगच दुसरा द्यावा, आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये.

मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून घ्यायचे असते, त्यांनी आइसक्रीमही पाण्याच्या हिशेबात धरावे. दुधाने पोट फुगत असेल तर फळांचे बिनदुधाचे सॉर्बे मिळते. साखर त्यातही भरपूर असते.

आता दुकानाच्या स्वच्छतेविषयी. वृद्धांची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. अमेरिकेत आइसक्रीममधील लिस्टेरिया जंतूंमुळे दहा जण आजारी पडल्याचे आणि कॅन्सस राज्यातील तिघे दगावल्याचे 2015 साली उघड झाले. आजारी पडलेल्यांपैकी काही जण आधीच रुग्णालयात होते आणि त्यांना तेथे त्या आइसक्रीमचे मिल्कशेक दिले गेले होते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. म्हणून दूध नीट तापवून घेणारे, चमचे वाहत्या पाण्यात धुणारे, वीज गेल्यावर वितळलेला माल पुन्हा न गोठवणारे दुकान निवडावे. डब्यात वरच्या बाजूस बर्फाचे टोकदार कण दिसले तर पदार्थ मध्येच वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव असतो. घरी डबा आणत असाल तर लेबल वाचा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार नुसते ‘आइसक्रीम’ म्हणवणाऱ्या पदार्थात दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के असावा लागतो. वनस्पती तेल वापरले असेल तर त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. चित्रावरून हा फरक कळत नाही.

माझ्या दवाखान्यात गोड कमी करायला आलेल्या वृद्धांपेक्षा भूक मेलेले वृद्ध काही कमी नसतात. दात नाहीत, चव नाही, एकट्यासाठी स्वयंपाक करवत नाही. सहा महिन्यांत वजन सहज पाच टक्के उतरलेले असते आणि ते कुणी मोजलेले नसते. अशा माणसाला दूध, साय आणि फळे यांचा एक कप दोन पोळ्यांपेक्षा सहज जातो. तेवढ्यावर पोषण होत नाही हे खरे, परंतु खाण्याची इच्छा परत येण्याची सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. मात्र वजन का उतरले याचा शोध आधी घ्यावा.

बाक आणि खुर्ची

काका बरे झाल्यावर मी मुद्दाम त्या दुकानात गेलो. तोवर कधी गेलो नव्हतो. पैज हरल्याची लाज असेल. दारात एक पायरी होती, सहा-सात इंचांची. आत दिवा लख्ख होता. पदपथावर दुचाक्या होत्या, त्यामुळे येणाऱ्या वृद्धांना रस्त्यावर उतरून वळसा घालावा लागे. बाकाला पाठ होती पण हात नव्हते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हातांवर भार द्यावा लागतो. त्याच्यासाठी हातांची खुर्ची ही चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये वृद्धस्नेही शहरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत बसण्याच्या जागा आणि स्वच्छतागृहे यांना महत्त्वाचे स्थान आहे. अनेक आज्या संध्याकाळी बाहेर का पडत नाहीत, याचे उत्तर गुडघ्यांपेक्षा पुष्कळदा स्वच्छतागृहाच्या अभावात असते, आणि त्या ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

मी दुकानदाराला खुर्चीविषयी बोललो. त्याने पुढच्या आठवड्यात हातांच्या दोन खुर्च्या आणल्या आणि पायरीपाशी एक दांडा बसवून घेतला. दुचाक्यांचे काही झालेले नाही.

काळजीवाहकांनो, ज्या घरातून कुणीही बाहेर पडू शकत नाही त्या घरासाठीही त्या दुकानाचा थोडा उपयोग असतो, आणि तो आपल्यासाठी असतो. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा करणाऱ्या एका सुनेने मला सांगितले की ती आठवड्यातून एकदा शेजारणीला घरी बसवून त्या कोपऱ्यावर वीस मिनिटे बसते. “तिथे मला कुणी गोळ्यांची वेळ विचारत नाही,” असे तिचे शब्द. त्या वीस मिनिटांबद्दल तिला अपराधी वाटत होते. मी तिच्या कागदावर ते औषधासारखे लिहून दिले: आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे.

काकांच्या कागदावरही आता ‘बंद’ नाही. बुधवारी आणि शनिवारी लहान कप. इतर दिवशी जावे, बसावे, बोलावे, पण कप घेऊ नये, असे आमचे ठरले आहे. न पाळल्यास मला सांगायचे, आणि मी रागवायचे नाही, हेही ठरले आहे. मागच्या महिन्यात ते दोनदा मोडले. दोन्ही वेळा त्यांनी आपण होऊन सांगितले. एकदा पुरंदरच्या अंजिराचा जेलातो पहिल्यांदाच आला होता, आणि दुसऱ्यांदा पत्नीचा वाढदिवस होता.

गेल्या बुधवारी दवाखाना आटोपून मी तिकडून जात होतो. काका हातांच्या खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठले, काउंटरपाशी गेले आणि आमच्या दोघांचे पैसे मोजून ठेवले; नोट खाली, नाणी एकावर एक. दुकानदार आणि मी, दोघेही त्या नाण्यांकडे पाहत होतो. काकांच्या ते लक्षात आले.

“पाहताय काय, डॉक्टर? बरोबर आहेत. याने सोमवारपासून कपामागे पाच रुपये वाढवलेत, ते धरून.”

दुकानदाराने दर वाढवल्याची पाटी अजून लावली नव्हती.